दिवा नसलेलं नेटवर्क

जयवंतच्या हबला दिवे होते आणि माझ्या नेटवर्कला नव्हते. पुढे जे झालं त्याचं मूळ कारण एवढंच आहे. बाकीची कारणं आमच्या मजल्यावरच्या लोकांनी नंतर जोडली.

हब म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चार-सहा घरांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे तर एक पद्धत अशी, की मध्ये एक चपटी पेटी ठेवायची आणि प्रत्येक घरातली वायर तिच्यात आणून खोचायची. कागदावर काढलं तर चांदणीसारखं दिसतं. ती मधली पेटी म्हणजे हब. प्रत्येक वायरीचा एक हिरवा दिवा. समोरचा कॉम्प्युटर चालू असेल तर तो लागतो आणि काही आलं-गेलं की लुकलुकतो.

हा हब आमच्या डोक्यावर होता. अक्षरशः डोक्यावर, कारण घोडपदेवच्या आमच्या चाळीत जयवंतची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि आमची बरोबर तिच्याखाली दुसऱ्यावर. जयवंत दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि टाय लावून जिना उतरतो. तो बी.कॉम. आहे. हे मी आकसाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. मी बी.एस्सी., फिजिक्स, पहिला वर्ग, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. चाळीत कुणाचा रेडिओ बिघडला, मिक्सर जळला, ग्रहणात बाहेर पडावं का असा प्रश्न आला, तर लोक माझ्याकडे यायचे. जयवंतने तिसऱ्या मजल्यावरच्या सहा घरांना हबवर घेतलं आणि लोक एक जिना जास्त चढायला लागले.

त्याचंही मला विशेष काही वाटलं नसतं. पण आमचे वडीलही चढायला लागले.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊ, म्हणजे रमाकांत, मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. कोण आलं, कोण नाही, कोण उशिरा आलं हे बघण्यात त्यांची वीस वर्षं गेली. मग संप झाला, आणि आमची मिल जी बंद पडली ती पडलीच. पुढे पतपेढीत नोकरी करून ते निवृत्त झाले, पण कोण आलं आणि कोण नाही हे बघण्याची सवय काही सुटली नाही. ते जयवंतकडे जाऊन हबसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि खाली येऊन मला सांगायचे, "सहा दिवे आहेत. चालू कोण, बंद कोण, दारातून कळतं. हुशार पोरगा आहे रे तो."

"दिवे कंपनीने बसवलेत, भाऊ. जयवंतने नाही."

"आणला तर त्याने ना?"

या वाक्याला फिजिक्समध्ये उत्तर नाही. मी त्याच आठवड्यात जाहीर केलं की दुसऱ्या मजल्याचं नेटवर्क मी उभारणार.

आमच्या मजल्यावर चार कॉम्प्युटर होते. जिन्याजवळ चाळ कमिटीचे सेक्रेटरी वसंतराव, त्यांच्याकडे फोन आणि इंटरनेट. मग कालिंदीकाकू, ज्यांच्या बोटीवरच्या मुलाने कॉम्प्युटर आणून दिला होता आणि त्यावर त्या विणकामाचा रुमाल घालून ठेवत. मग आम्ही. आणि शेवटी संडासाकडच्या बाजूला दौलतराव, जे घरच्या घरी लग्नपत्रिका छापून द्यायचे आणि ज्यांच्याकडे मजल्यावरचा एकमेव प्रिंटर होता. वसंतरावांचं इंटरनेट आणि दौलतरावांचा प्रिंटर चौघांना मिळावा, अशी योजना होती.

मी चांदणी काढणार नव्हतो. चांदणी जयवंतची. मी निवडली ती सरळ रेषेची पद्धत. एकच केबल एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, प्रत्येक घरात इंग्रजी टी अक्षरासारख्या एका जोडाने कॉम्प्युटर तिला चिकटतो, आणि केबलच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची एकेक टोपी बसते. मधली पेटी नाही, कुणी मुख्य नाही, सगळे सारखे. आमच्या प्रयोगशाळेने ही केबल मोडीत काढली होती, पण विचार म्हणून ती हबपेक्षा कितीतरी देखणी आहे. हे मी मजल्याच्या बैठकीत समजावून सांगितलं.

दौलतरावांच्या बायकोने, मृणालिनीवहिनींनी, पहिला प्रश्न विचारला. "म्हणजे आमचं घर शेवटी?"

"शेवटी असं नाही, वहिनी. टोकाला."

"पाण्याच्या पायपावर पण आम्ही टोकालाच आहोत. वसंतरावांचं पिंप भरतं, काकूंचं भरतं, तुमचं भरतं, आणि आमच्या नळाला नुसतं सूं सूं होतं."

मी सांगितलं की विजेचा संदेश पाण्यासारखा वाटेत संपत नाही, तो केबलभर एकाच वेळी पसरतो. वहिनींनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ती टोपी कशाला?"

"संदेश टोकाला आपटून परत येऊ नये म्हणून. टोपी तो शोषून घेते."

"बघा," त्या दौलतरावांना म्हणाल्या, "आपल्याकडे येऊन मरतो तो."

यावर वसंतरावांनी गोल फिरवण्याची सूचना केली, म्हणजे टोकच राहणार नाही. गोलाची पद्धत निराळी असते, तिला कॉम्प्युटरमधली कार्डंही निराळी लागतात, हे सांगण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी मी दौलतरावांना बाजूला घेऊन सांगितलं की केबल खरं तर त्यांच्याकडूनच सुरू होते. मग वसंतरावांना बाजूला घेऊन सांगितलं की ती त्यांच्याकडून सुरू होते. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही विधानं बरोबर आहेत.

बैठक उठता उठता वसंतरावांनी एक प्रश्न विचारला, तो मी इथे मुद्दाम नोंदवतो. "चिंतामणी, डेकोरेशनच्या माळेसारखं तर नाही ना हे? एक बल्ब गेला की सगळी माळ जाते तसं?"

त्या प्रश्नाचं खरं उत्तर जवळपास 'हो' असं होतं. पण वरून आनंदीबाई, म्हणजे जयवंतची आई, कठड्यावरून वाकून ऐकत होत्या. मी म्हणालो, "तत्त्वतः तसं म्हणता येणार नाही. कॉम्प्युटर बंद केला तरी चालतो. फक्त केबल जोडापासून सोडवायची नाही." तत्त्वतः या शब्दावर बैठक संपली. भाऊंनी एवढंच विचारलं, "दिवा कुठे असणार?"

"याला दिवा लागत नाही."

"मग चालू आहे हे कळणार कसं?"

"चालेल तेव्हा कळेल."

भाऊ उठले. मग म्हणाले, "मिल पण चालू होईल तेव्हा कळेल म्हणायचे," आणि वर गेले.

गॅलरीत खिळा मारायला कमिटीची परवानगी लागते. कमिटी म्हणजे वसंतराव. ज्या वसंतरावांना नेटवर्क हवं होतं त्यांनीच माझा अर्ज परत केला, कारण कमिटीच्या नियमांत खिळे तीनच कारणांसाठी मंजूर होतात: कपड्यांची दोरी, आकाशकंदील आणि टीव्हीची केबल. नेटवर्क कुठल्याच कारणात बसत नव्हतं. "टीव्हीच्या केबलमध्ये घातलं असतं," ते सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "पण मग केबलवाला भांडत येईल. आकाशकंदील फक्त दिवाळीला. दोरीमध्ये घालू?"

तर माझं नेटवर्क सरकारदरबारी कपड्यांची दोरी म्हणून मंजूर झालं. त्याचा परिणाम असा झाला, की केबल ताणून मी प्रयोगशाळेतून मीटर आणायला गेलो आणि परत येईपर्यंत तिच्यावर मृणालिनीवहिनींचे दोन परकर आणि एक सतरंजी वाळत होती. "मंजूर आहे ना?" वहिनी म्हणाल्या. ओली सतरंजी म्हणजे काय वजन असतं ते मला ठाऊक आहे, कारण ती उतरवताना एक खिळा माझ्यासोबत आला.

वर कठड्याशी जयवंत टायची गाठ सैल करत उभा होता. "चिंतामणी, बँडविड्थ वाळवतोयस काय रे?"

मी हसलो नाही. त्याच्या वायरी पांढऱ्या, पातळ, भिंतीच्या कडेने क्लिपा मारून नेलेल्या. कुठे एक झोळ नाही. त्याने प्रत्येक वायरीचं जास्तीचं वेटोळं नीट बांधून ठेवलं होतं, पुढेमागे लागेल म्हणून. मला ते वेटोळं फार आवडलं आणि त्याबद्दल त्याचा फार राग आला.

पण झालं. शुक्रवारी चारही कॉम्प्युटर एकमेकांना दिसले. माझ्या घरून धाडलेली पत्रिका दौलतरावांच्या प्रिंटरमधून बाहेर आली. रविवारी सकाळी अकराला मजल्यापुढे प्रात्यक्षिक ठरलं, आणि मी स्वतः वर जाऊन जयवंतला आमंत्रण दिलं. आमंत्रण नम्रपणे दिलं होतं, असं माझं मत आहे. आनंदीबाईंचं मत वेगळं आहे.

रविवारी वसंतरावांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ पुढच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या सदऱ्यात. जयवंत दाराला टेकून. मी वसंतरावांच्या कॉम्प्युटरवरून दौलतरावांच्या प्रिंटरला एक पान धाडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: दुसरा मजला.

काही झालं नाही.

"येतंय?" मी ओरडून विचारलं.

"सूं सूं पण नाही," वहिनींचा आवाज आला.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरला दौलतरावांचा दिसत नव्हता, वसंतरावांच्याला माझा दिसत नव्हता, कुणालाच कुणी दिसत नव्हतं. मी केबल हाताने चाचपत गॅलरीतून निघालो. माझ्यामागे सगळा मजला निघाला. कालिंदीकाकूंच्या दाराशी केबल झरोक्यातून आत गेलेली आणि दाराला कुलूप.

"शिमग्याला गेल्या ना त्या," वहिनी म्हणाल्या. "काल संध्याकाळच्या गाडीने."

गावाला जाताना घर कसं बंद करायचं, याची कोकणातल्या माणसांची एक पद्धत आहे. गॅसचं बटण बंद. टीव्हीचा प्लग काढायचा. फ्रिज पुसून दार उघडं ठेवायचं. जी जी वायर निघते ती काढायची, गुंडाळायची आणि उंदरांच्या आवाक्याबाहेर ठेवायची. मी काकूंना कॉम्प्युटरबद्दल सगळं समजावलं होतं. शिमग्याबद्दल समजावायचं मला सुचलं नव्हतं.

वसंतरावांच्या फोनवरून काकूंच्या गावी शेजारच्या दुकानात फोन लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत आम्ही सगळे एका फोनकडे बघत उभे होतो.

"काकू, त्या केबलचं काय केलंत?"

"दोन्ही टोकां काढून, गुंडाळून कपाटात ठेवलंय रे बाबा. उंदीर खातले म्हणान. वर पिशवी पण घातलंय."

"चावी?"

"चावी माझ्या कमरेक आसा. तू काय्येक काळजी करू नको. पालखी घराक येऊन गेली की येतंय."

मी फोन ठेवला. वसंतराव माझ्याकडे बघत होते. "म्हणजे माळेसारखंच," ते म्हणाले. तत्त्वतः हा शब्द माझ्या मनात आला, पण तोंडातून बाहेर पडला नाही.

सल्ले सुरू झाले. दौलतराव म्हणाले, बाहेरच्या बाहेर कापा, पीळ मारा, वर टेप लावा. मी सांगितलं की असा पीळ मारला की पन्नास ओहमचा हिशेब बिघडतो. वहिनी म्हणाल्या, आधीच काय सुधारलंय. जोडायला नीट जोड हवे होते, आणि रविवारी लॅमिंग्टन रोडवरची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बंद. भाऊ खुर्चीतून उठले आणि सदऱ्याची बाही सारखी केली. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

जयवंत वर गेला. मला वाटलं हसायला गेला. तो एक बूट-पॉलिशची डबी घेऊन खाली आला. डबीत माझ्या केबलचे जोड होते, चांगले चार-पाच, आणि ते दाबायची पक्कडही होती.

"आमच्या क्लासमध्ये पूर्वी हेच होतं," तो म्हणाला. "जुनं झालं म्हणून काढून टाकलं. मी ठेवून दिलं होतं."

जुनं झालं म्हणून, हे त्याने सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. पण मी कात्री घेतली, केबल काकूंच्या दाराबाहेर दोन्हीकडे कापली आणि दोन्ही टोकांना जोड दाबून ती एकमेकांत अडकवली. वसंतरावांनी बटण दाबलं. दौलतरावांच्या घरातून प्रिंटरचा आवाज आला आणि वहिनी पान हातात धरून आल्या. दुसरा मजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जयवंतच्या पाठीवर थाप मारली.

भाऊंनीही मारली.

सगळे पांगल्यावर जयवंत थांबला. जिन्याच्या कठड्यावर नखाने रेघा ओढत म्हणाला, "तुझं एक बरं आहे."

"काय बरं आहे?"

"तुझं कुणाच्या घरात नाहीये. माझं सगळं आमच्या घरात आहे. सकाळी सहाला कुणीतरी येतं, दिवा गेला म्हणून. आई चहा टाकून टाकून कंटाळली. आता शिमग्याला गावी जायचं तर हब बंद करता येत नाही, कुलूप लावता येत नाही. आई म्हणते, देव वर्षातून एकदा दारात येतो आणि मी इथे पेटी राखत बसू." त्याने माझ्याकडे बघितलं. "आठ दिवस ठेवतोस? तुझी खोली बरोबर खाली आहे. वायरींना वेटोळी आहेत, खिडकीतून सोडली की पोचतात."

मी विचार करायला वेळ हवा असल्यासारखा चेहरा केला.

त्या आठ दिवसांत आमच्या घरात भाऊंइतकं सुखी कुणी नव्हतं. खिडकीतून पांढऱ्या वायरी उतरल्या, भिंतीवरच्या फळीवर हब बसला आणि भाऊंनी समोर खुर्ची टाकली. "एक नंबर आला. चार नंबर जेवायला गेला वाटतं. सहा नंबर कालपासून गैरहजर." तिसऱ्या मजल्यावरचे लोक दिवा बघायला यायचे, भाऊ त्यांना कारण सांगायचे, आणि मी आतल्या बाजूला बसून माझ्या स्वतःच्या घरात जयवंतचं कौतुक ऐकायचो. एकदा मी सहज म्हणालो, "भाऊ, आपलं नेटवर्कही चालू आहे."

"हो का?" भाऊ म्हणाले. मान वळवली नाही.

जयवंत आणि आनंदीबाई गावाहून आले. हब वर गेला, वायरी वर गेल्या. फळीवर धुळीचा एक चौकोन राहिला. भाऊंची खुर्ची तिथेच होती. पहिल्या संध्याकाळी ते तिच्यावर बसले, फळीकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. वर गेले नाहीत. का कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून एक हिरवा एलईडी आणला. इथे मला काही गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत. या केबलवर दिवा बसवता येत नाही. बसवला तर कार्डाला वाटतं की केबलवर दोघे एकदम बोलतायत आणि ते बिथरतं. म्हणून मी तो केबलवर बसवला नाहीच. मी एका छोट्या डबीला भोक पाडून एलईडी बसवला, आत दोन पेन्सिल सेल घातले, एक रेझिस्टर घातला, तोही हिशेब करून, आणि डबी गॅलरीतल्या केबलला चिकटवली. तो दिवा काहीही दाखवत नव्हता. मी पहिल्या वर्गाचा पदवीधर आहे आणि हे मी हाताने केलं.

मजल्यावर त्याचा फार चांगला परिणाम झाला. दौलतराव जाता-येता बघायचे आणि मान डोलवायचे. मृणालिनीवहिनींनी परकर दुसरीकडे वाळत घातले, कारण आता त्यात करंट आहे असं त्यांना वाटू लागलं. कालिंदीकाकू गावाहून आल्या आणि दिव्याला हात जोडून आत गेल्या. वसंतरावांनी कमिटीत विचारलं की याला आता आकाशकंदील म्हणायचं का.

आणि एका सकाळी वरच्या कठड्यावरून आनंदीबाईंचा आवाज आला. त्या जयवंतला सांगत होत्या. "तुझा नुसता फडफडत असतो. मध्येच जातो, मध्येच येतो. त्यांचा बघ. समईसारखा स्थिर."

मी हे ऐकताना दाढी करत होतो. गालावर थोडं कापलं, पण जाणवलं नाही.

संध्याकाळी जयवंत खाली आला. टाय होता. डबीसमोर उभा राहिला. वाकून मागून बघितलं, बाजूने बघितलं. केबल कुठून येते, कुठे जाते हे डोळ्यांनी चाचपलं. त्याला पाच सेकंद लागले असतील. भाऊ दारात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या मागे.

"चिंतामणी," जयवंत म्हणाला, "हा नेमका कशाला जोडलाय?"

गॅलरीत वहिनी होत्या, वसंतराव होते. मी तत्त्वतः पासून सुरुवात करणार होतो.

"जोडलेला आहे," भाऊ म्हणाले. जयवंतकडे न बघता, टाइम ऑफिसच्या खिडकीतून बोलावं तसं. "महिना झाला बघतोय मी. एक दिवस गैरहजर नाही. तुझा सहा नंबर आला का रे?"

जयवंतने माझ्याकडे बघितलं. मी दिव्याकडे बघितलं. "नाही आला," तो म्हणाला आणि टायची गाठ सैल करत जिना चढून गेला.

भाऊंनी तो वरच्या मजल्यावर पोचल्याचा आवाज येऊ दिला. मग खुर्ची आत घेतली, दार थोडं लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"जरा मंद वाटतोय रे आजकाल. सेल उतरले की सांग. एक घड्याळातला आहे, एक रिमोटमधला काढू."